निळा पडदा आणि वहिनीचा सूड

आमच्या वहिनीलाही राग येतो, ही बातमी घरात सगळ्यात आधी मला कळली, आणि ती मनापासून साजरी करणारीही मी एकटीच. लग्न होऊन आली तेव्हापासून ती म्हणजे गरीब गाय, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. माझे दोघे भाऊ तिला 'टकटक' म्हणतात, कारण दिवसभर तिच्या खोलीतून टाइप करण्याचा आवाज येतो. ती हसायची आणि चहा टाकायची. मी तिची एकुलती एक नणंद. नणंदेनं भावजयीला छळावं अशी लोकांची अपेक्षा असते. मी ती कधी पूर्ण केली नाही. छळायला मला माझे भाऊ पुरतात.

वहिनीचं काम आधी सांगते, कारण भावांना ते इतक्या वर्षांत कळलेलं नाही. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ती समोरच्याचं बोलणं ऐकून तिथल्या तिथे टाइप करते. माणूस तिकडे कॉलेजात बोलतो, ही इकडे कानाला हेडफोन लावून बसते, आणि त्याचं वाक्य संपतं न संपतं तोच ते तिकडच्या पडद्यावर उमटतं. गेली काही वर्षं ती एका मुलीसाठी हे करत होती. मुलगी मातीतल्या बुरशीवर संशोधन करत होती. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या, पण त्या मुलीच्या प्रत्येक वर्गात, प्रत्येक बैठकीत वहिनी होती. बुरशीच्या जातींची नावं ती भाजी निवडतानाही पुटपुटायची.

घर दोन मजली. खाली दादा, वर मधला भाऊ आणि त्याची बायको, म्हणजे वहिनी. दादानं लग्न केलं नाही. नळपाणी खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यानं घरातली बटणं बंद करणं हाच व्यवसाय पत्करला. अप्पा गेले आणि त्यानंतर वर्षाच्या आत दोघा भावांचं वाजलं. गाडी लावायच्या जागेवरून वाजलं असं माझं मत आहे. त्या दोघांना आज विचारलं तर धड सांगता येणार नाही. बोलणं बंद झालं, विजेचं मीटर वेगळं झालं, पाण्याची टाकी वेगळी झाली, आणि अप्पांच्या वेळेपासूनचं इंटरनेटही वेगळं झालं. जुनी लाइन काढून दोघांनी आपापली नवी घेतली.

त्याच सुमारास वहिनीच्या एजन्सीनं तिला नवा लॅपटॉप दिला. पातळ, हलका, दिसायला देखणा. पहिल्यांदा तो पडला तेव्हा तिकडे कुणीतरी ओलाव्याबद्दल बोलत होतं. वहिनीच्या बोटांखालचं वाक्य अर्धं राहिलं, सगळा पडदा निळा झाला, वर यंत्राची दोन ओळींची दिलगिरी आली, आणि लॅपटॉप आपोआप बंद होऊन परत सुरू व्हायला लागला. तो सुरू होईपर्यंत त्या मुलीपुरता तास थांबला. वहिनीनं माफी मागितली. मुलीनं कळवलं, हरकत नाही. मग ते रोज व्हायला लागलं, आणि हरकत यायला लागली.

एजन्सीच्या बाईंचा आवाज जितका गोड तितकी बातमी वाईट. त्या अगदी मधाळ आवाजात म्हणाल्या, "हिची शेवटची तोंडी परीक्षा जवळ आलीय. त्या दिवशी असं झालं तर मला तुम्हाला थांबवावं लागेल हं."

वहिनीनं लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याला सगळे 'सर्जन' म्हणतात, कारण तो कुठलंही मशीन आधी उघडतो आणि मग काय झालंय ते विचारतो. सर्जननं आधी धूळ काढली. मग विंडोज नव्यानं टाकलं. मग मेमरी बदलली. दुकानात लॅपटॉप दिवसभर शहाण्यासारखा चालायचा. घरी आणला, वहिनीच्या खोलीत उघडला, की निळा. शेवटी सर्जननं लॅपटॉप पडताना आपोआप साठवला जाणारा तपशील वाचला आणि म्हणाला, "ताई, प्रत्येक वेळी वायफायच्या कार्डाचा ड्रायव्हर पडतोय. म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर. ते अडखळलं की सगळं मशीन घेऊन पडतं."

"पण ते माझ्याच घरी का अडखळतं?"

"घरात काहीतरी असेल," सर्जन म्हणाला.

हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं. वहिनी घरी आली ती 'घरात काय आहे' हे शोधतच. आणि तिला सापडलं. दादा घरी असला की लॅपटॉप पडतो, आणि दादा बाहेर गेला की ठणठणीत चालतो. तिनं मला फोन केला. एरवी ती मला नावानं हाक मारते. त्या दिवशी म्हणाली, "वन्सं, तुमच्या दादांनी माझ्या पोटावर पाय द्यायचं ठरवलंय."

मी जाऊन बघितलं. खरंच तसं होतं. सकाळी दादा पिशवी घेऊन बाहेर पडला, आणि वहिनीनं तासभर टाइप केलं, काही नाही. खाली फाटक वाजलं, दादाच्या दाराची कडी निघाली, आणि थोड्या वेळात निळा पडदा. वहिनीनं माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे इतके थंड मी कधी पाहिले नव्हते. मला फार बरं वाटलं. वाटलं, आली बाई एकदाची माणसांत.

"तो काय करत असेल?" मी विचारलं.

"काहीतरी यंत्र लावत असतील. नळपाण्यात होते, त्यांना वाल्व्ह बंद करायची सवय आहे."

त्या दिवसापासून वहिनीनं सूड उगवायला सुरुवात केली. दादाचे शर्ट खालच्या अंगणात वाळत पडले की वरच्या कुंड्यांना पाणी जास्त व्हायचं. सतरंज्या झटकायची वेळ आणि दादाची पेपर वाचायची वेळ एकच झाली. दादाकडे आलेल्या माणसाला ती जिन्यातून गोड आवाजात सांगायची की ते घर सोडून गेले. एकदा तिनं त्याच्या दाराबाहेरचे जोडे उचलले आणि एक पायरीवर, एक फाटकाबाहेर ठेवला. ही शेवटची कल्पना माझी होती, आणि मला तिचा अजून अभिमान आहे. दादा खालून ओरडायचा, वहिनी वरून पडदा सारायची. मधला टीव्हीवर मॅच बघत बसायचा. बायको आपल्या भावाशी भांडते आहे याचं त्याला मनातून बरंच वाटत होतं.

एवढं करूनही लॅपटॉप पडतच होता, आणि परीक्षा आली.

परीक्षेसाठी वहिनीनं सर्जनकडून एक छोटं जोडणीचं साधन आणलं, कारण त्या पातळ लॅपटॉपला केबलची जागाच नव्हती. हॉलमधल्या राउटरपासून तिच्या खोलीपर्यंत लांब केबल टाकली. आता वायफायची गरजच नाही, म्हणजे भीतीही नाही, असं तिनं धरलं. मीही धरलं. परीक्षेच्या दिवशी मी मुद्दाम तिच्याकडे जाऊन बसले, दारात, कुणी आत येऊ नये म्हणून.

सुरुवात छान झाली. वहिनीची बोटं इतकी सरळ चालत होती की मला त्या मुलीची उत्तरं वाचतानाच बुरशी आवडायला लागली. मग बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एक लांबलचक प्रश्न सुरू केला. प्रश्न अर्ध्यावर आला आणि पडदा निळा झाला.

वहिनी किंचाळली नाही. लॅपटॉप परत सुरू होईपर्यंत तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. हेडफोन लागला तेव्हा तिकडून आवाज आला, "बरं, राहू दे. पुढे जाऊ." मागून कळलं, मुलीला प्रश्न कळला नाही तेव्हा परीक्षकांनी तोच प्रश्न आणखी मोठ्यानं विचारला होता. जणू आवाज वाढवल्यानं तिला ऐकू येणार होतं. मुलीच्या संशोधनाच्या मार्गदर्शक बाई मधे पडल्या, पण परीक्षकांना गाडी गाठायची होती. निकालात त्यांनी शेरा लिहिला: समाधानकारक उत्तरे देता आली नाहीत. एजन्सीच्या बाईंचा फोन आला, इतका गोड की मला ऐकवेना. काम गेलं.

मधला म्हणाला, "मिळेल गं दुसरं."

लॅपटॉप एजन्सीला परत द्यायचा होता. वहिनी म्हणाली, "द्यायच्या आधी मला कळायला हवं, कुणी केलं ते." तिनं जेवणाचं टेबल आपल्या खोलीत ओढून आणलं आणि एकेक गोष्ट बदलून बघायला लागली. केबल लावली आणि वायफाय चालू ठेवलं, तर पडला. केबल लावली आणि वायफाय पूर्ण बंद केलं, तर दादा खाली बसलेला असूनही दिवसभर चालला. तेव्हा तिच्या लक्षात आलं की परीक्षेच्या वेळी केबल लावली होती, पण वायफाय बंद करायला कुणी सांगितलंच नव्हतं. ते मागच्या मागे चालूच होतं. हे कळल्यावर ती पहिल्यांदा रडली. आणि रडून झाल्यावर तिनं सर्जनला घरी बोलावलं.

सर्जननं मोबाइलवर एक अॅप उघडलं, आसपासचे राउटर दाखवणारं, आणि खोलीभर फिरला. "ताई, तुमच्याकडे 'अप्पांचं घर' दोन आहेत."

"एकच आहे. आमच्या वायफायचं नाव आहे ते."

"एक तिकडे हॉलमध्ये आहे, आणि एक बरोबर तुमच्या पायाखाली. नाव तेच. पासवर्डही तोच असणार, नाहीतर तुमचं मशीन त्याला लागलंच नसतं."

मग त्यानं समजावलं. एक नाव आणि एक पासवर्ड दिसला की लॅपटॉपला वाटतं, हे एकच जाळं आहे. जिकडे जोर जास्त तिकडे तो जातो. बाकी घरात एकाचा जोर स्पष्ट जास्त होता. या खोलीत मात्र दोन्ही सारखे. लॅपटॉप वर जायचा, खाली जायचा, परत वर, आणि या लॅपटॉपचं कार्ड मुळात नाजूक. उडी मारताना तोल गेला की सगळं मशीन घेऊन पडायचं. मोबाइलची कार्डं तेवढी नाजूक नसल्यानं त्यांना काही झालं नाही.

"आणि दादा बाहेर गेले की?"

"बाहेर जाताना राउटर बंद करतात का ते?"

वहिनीनं आणि मी एकमेकींकडे बघितलं. दादा बाहेर पडताना घरातलं एकूण एक बटण बंद करतो. राउटरचंही. खरं सांगते, मला निराश वाटलं. दादानं मुद्दाम काहीच केलं नव्हतं. इतके शर्ट उगीच भिजवले.

पण वहिनीचा चेहरा काही निवळला नाही. ती हॉलमध्ये गेली आणि मधल्याला विचारलं, "खालच्यांनी वायफायला आपलंच नाव दिलंय, हे तुला माहीत होतं?"

"हो," मधला टीव्हीवरून नजर न काढता म्हणाला. "अप्पांच्या वेळचं नाव, पासवर्ड, सगळं त्यानं ठेवलं म्हणून मीही ठेवलं. अप्पा काय त्याच्या एकट्याचे होते?"

"त्यामुळे माझा लॅपटॉप पडतो. नाव बदल."

"मी का बदलू? त्यानं बदलावं."

वहिनी जिना उतरून खाली गेली. दादाला तिनं तेच सांगितलं. दादानं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाला, "मी थोरला आहे. अप्पांचं नाव माझ्याकडे राहणार. त्याला म्हणावं, स्वतःचं नाव ठेव." मग जरा मऊ आवाजात, "टायपिंगच होतं ना तुझं? दुसरीकडे मिळेल."

वहिनी वर आली आणि दाराला टेकून उभी राहिली. "यांच्यातल्या एकानं जरी चार अक्षरं बदलली असती," ती म्हणाली, "तरी ती मुलगी आज पास झाली असती. आणि दोघांनाही वाटतंय, माझं टायपिंग गेलं." मग ती हसली. मला त्या हसण्याची भीती वाटली आणि लगेच मदत करावीशीही वाटली.

दोन्ही राउटर एकाच कंपनीच्या माणसानं बसवलेले, आणि दोन्हींच्या आत शिरायचा पासवर्ड एकच, अप्पांच्या स्कूटरचा नंबर. वहिनीनं खोलीत बसून आधी वरच्या राउटरचं नाव आणि पासवर्ड बदलला, मग खालच्याचा. आतला पासवर्डही बदलला. मॅच ऐन रंगात आली असताना मधल्याचा टीव्ही गोल गोल फिरायला लागला. खाली दादाचा फोन मुका झाला. मधला जिन्यात येऊन ओरडला, "काय केलंस रे?" खालून दादा ओरडला, "मी? तूच केलंस!" इतक्या काळानंतर दोघं एकमेकांशी बोलले ते हेच.

वहिनी मधल्या पायरीवर जाऊन उभी राहिली. "मी केलंय. दोन्ही."

भांडण क्षणात फिरलं. माझे दोन्ही भाऊ, जे गाडीच्या जागेवरून एकमेकांचं तोंड बघत नव्हते, ते दोघं मिळून तिच्यावर तुटून पडले. "दादाच्या घरात हात घालतेस?" मधला म्हणाला. "ह्याच्या मॅचचा तरी विचार करायचास," दादा म्हणाला. एकमेकांची बाजू घेताना ते इतके भाबडे दिसत होते की मला दोघांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. त्यांनी राउटरची मागची बटणं दाबून पाहिली, तर तो जोडणीचा क्रमांक मागायला लागला, आणि कंपनी म्हणाली, माणूस सवडीनं येईल.

"पासवर्ड देईन," वहिनी म्हणाली. "दोघांनी कॉलेजात यायचं. त्या मुलीसमोर आणि तिच्या बाईंसमोर, काय झालं ते आपल्या तोंडानं सांगायचं. त्यांना परीक्षा परत घ्यायला कारण हवंय. कारण तुम्ही आहात."

"शक्य नाही," दोघं एकदम म्हणाले.

तेव्हा मी माझा वाटा उचलला. म्हटलं, "ठीक आहे. मी नात्यातल्या सगळ्यांना कळवते. अप्पांच्या दोन मुलांनी एका वायफायच्या नावापायी एका मुलीला परीक्षेत पाडलं. काकू तर ओळीनं सगळ्यांना फोन करतील." दादाचा चेहरा उतरला. मधला म्हणाला, "तू आमची बहीण आहेस ना?" मी म्हटलं, "म्हणूनच आधी सांगतेय."

कॉलेजातली खोली लहान होती. एका भिंतीवर पडदा, समोर चार खुर्च्या. मुलगी आधीच येऊन बसली होती. बारीक चणीची, केस घट्ट बांधलेले, वहिनीकडे टक लावून बघणारी. मार्गदर्शक बाई तिच्या शेजारी. वहिनीनं स्वतःचा जुना लॅपटॉप टेबलावर ठेवला, पडद्याला जोडला आणि भावांना खूण केली, बोला.

एरवी बोलणारा अडखळला तर वहिनी ते गाळते, 'अं' आणि 'म्हणजे' काढून वाक्य सरळ करून देते. त्या दिवशी तिनं एक अक्षरही गाळलं नाही. मधल्यानं सुरुवात केली आणि पडद्यावर उमटलं: 'म्हणजे... ते... काय झालं की... वायफायचं नाव... (थांबतात)... खरं तर चूक याची आहे... (भावाकडे बोट दाखवतात).' दादा घाईनं बोलायला लागला: 'असं नाही... मी थोरला... म्हणजे थोरला असल्यामुळे... अं... नाव आमच्या वडिलांचं... (घाम पुसतात).' दोघंही वळून पडद्याकडे बघायला लागले, स्वतःची वाक्यं मोठ्या अक्षरांत भिंतीवर बघून आणखी अडखळले, आणि तेही उमटलं. मार्गदर्शक बाईंनी विचारलं, "म्हणजे कुणीही एकानं नाव बदललं असतं, तर हे झालं नसतं?" वहिनीनं प्रश्न टाइप केला. मग टाइप केलं: '(दोघेही उत्तर देत नाहीत.)'

शेवटी दादा म्हणाला, "चुकलं. माफी असावी." मधला म्हणाला, "माझंही तेच." तेही आलं.

मुलीनं सगळं वाचलं. मग ती स्वतःच्या आवाजात बोलली, थोड्या सपाट पण स्वच्छ आवाजात. "परीक्षा मी परत देईन. याच ताई हव्यात, दुसरं कुणी नको." बाईंनी मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं, आणि एजन्सीशी आपण बोलू म्हणाल्या. मुलगी माझ्या भावांकडे वळली. "तुम्हाला मी माफ केलेलं नाही."

वहिनीनं ते टाइप केलं. पडद्यावर तेवढीच एक ओळ राहिली.

दादा उठून उभा राहिला. शर्टाची बाही सारखी करत तो दबक्या आवाजात वहिनीला म्हणाला, "झालं ना आता? पुस ते."

"माझं काम पुसायचं नाही, दादा," वहिनी म्हणाली, आणि हे वाक्यही तिनं खाली टाइप केलं.